विहंगच्या टायरात कोणता फोम आहे

९ नोव्हेंबर, रविवार

आजपासून लिहून ठेवणार. गोष्टी नुसत्या डोक्यात राहिल्या की मला राग येतो आणि रागात मी तारखा विसरतो. भांडताना तारखा लागतात.

आज कॉलेजातल्या रितिकाला पहिल्यांदा खदानीत घेऊन गेलो. उमरेड रोडवरची बंद पडलेली गिट्टी-खदान, म्हणजे दगडाची खाण. तिथं आम्ही पंधरा-सोळा जण रविवारी सकाळी क्रॉलर चालवतो. क्रॉलर म्हणजे रिमोटवरची हातभर गाडी, पण पळणारी नव्हे, खडकावर चढणारी. इतकी हळू की बाजूनं मुंगी पुढे निघून जाते. रितिकाला वाटलं होतं रेस असते. "हे तं बैलगाडीपेक्षा हळू आहे गा," म्हणाली आणि हसली. ती हसली की मला सगळंच आवडतं. हे लिहायची गरज नव्हती, पण लिहिलं.

मग धरमपेठेतल्या विहंगची गाडी आडव्या शिळेवरून आरामात पार गेली. माझी तीनदा घसरली. आम्ही दोघांनी टायर एकाच पार्सलमधून मागवले होते. रबर तेच, नक्षी तीच. म्हणजे फरक आत आहे. क्रॉलरच्या टायरात हवा नसते, फोमचं कडं असतं. तेच गाडीचं वजन पेलतं आणि तेच रबराला दगडावर दाबून धरतं. मऊ असेल तर टायर दगडाला बिलगतो. फारच मऊ असेल तर आडव्या उतारावर टायर दुमडतो आणि गाडी उलटते.

मी विचारलं, "कोणता फोम टाकला बे?"

"कंपनीचाच आहे ना भाऊ," म्हणाला आणि हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

रितिका त्याच्या गाडीजवळ दहा मिनिटं उकिडवी बसून होती. येताना बाइकवर मागून म्हणाली, "त्याच्या टायरची कड दबतच नाही, पाह्यलं का तू?" मी टायर पाहत नव्हतो. ती कुठं पाहते ते पाहत होतो.

१४ डिसेंबरला स्पर्धा आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर सक्करदऱ्याला. बाबांचं टायरचं दुकान आहे, कॉलेज सोडल्यापासून मी इथंच असतो. तिसऱ्या वर्षात सोडलं. रितिकाला सांगितलं की बोअर झालं. खरं म्हणजे चार विषय राहिले होते आणि तोंडी परीक्षेच्या सरांशी माझं वाजलं, कारण ते मुद्दाम अडवत होते. मुद्दामच.

बाबा माझ्या क्रॉलरचं चाक हातात घेऊन दाबत बसले. "यात हवा नाही, ट्यूब नाही. पंक्चर होत नाही. मंग टेन्शन कायचं आहे पोट्ट्या तुले?"

"फोमचं."

"गादीवाल्याकडे जाय मंग."

चेष्टेत म्हणाले. पण रितिकाच्या घरचं गांधीबागेत फोम-रेक्झीनचंच दुकान आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गेलो. तिच्या वडिलांनी, श्रीधरकाकांनी, चहा मागवला आणि "कॉलेज काय म्हणते?" विचारलं. त्यांना माहीत नाही म्हणून विचारलं, की माहीत आहे म्हणून?

रितिकानं मला डोळे मिटायला लावले आणि हातात एकेक तुकडा देत गेली. "दाब. आता सोड. वर यायले किती वेळ लागते ते मोज." गादीचा हलका फोम लगेच दबतो, लगेच उठतो. सोफ्याचा जड फोम रुसल्यासारखा सावकाश उठतो. चपलेच्या तळव्याचं काळं शीट दबतच नाही. तिचं म्हणणं, एकच फोम नको. आत काळ्या शीटचं कडक कडं, त्याच्यावर पिवळ्या मऊ फोमचं. आतलं वजन धरेल, बाहेरचं दगड धरेल. अडीच वर्षं इंजिनिअरिंग करून मला हे सुचलं नव्हतं.

"गाडीचं वजन किती? त्याच्यावरूनच ठरते, आतलं किती जाड घ्यायचं."

"चोवीसशे ग्रॅम."

तिनं वहीत लिहून घेतलं.

इथं खरं लिहितो. गाडी दोन हजार नऊशेची आहे. दिवाळीत इतवारीतून पितळेचे तुकडे आणून मी पुढच्या एक्सलवर लपवून बसवले. पुढून जड गाडी चढावर नाक उचलत नाही. क्लबात कोणालाच माहीत नाही. वजन सांगितलं की जाणता माणूस पितळ ओळखतो, आणि रितिकाच्या वहीतलं विहंगपर्यंत जाणार नाही याची हमी कोण देणार? आपली चाल आपल्याजवळ ठेवावी.

१५ नोव्हेंबर

दोनदा फोन केला, उचलला नाही. नंतर म्हणाली प्रॅक्टिकल होतं. शनिवारी?

१९ नोव्हेंबर, बुधवार

फोमचं गोल कडं कापायचं कसं? कात्रीनं कड कुरतडल्यासारखी फाटते. रितिका म्हणाली, वाटीनं. स्टीलच्या वाटीची कड कानशीनं घासून धार काढायची आणि फोमवर ठेवून फिरवत दाबायची. मोठीनं बाहेरचा गोल, छोटीनं आतला.

म्हणून आज इतवारीत, भांडे ओळीत. हातगाड्यांमधून वाट काढत बायजाबाईंच्या दुकानात पोचलो. रितिकानं पर्समधून व्हर्नियर काढला आणि वाट्यांची तोंडं मोजायला लागली.

"एकशे पाच मिलीमीटरची पाहिजे."

"वाटी पाहिजे का मिलीमीटर पाहिजे?" बायजाबाई.

"वाटीच. पण तोंड एकशे पाच."

"काहून वं? वरण मोजून खाता का तुमी?" मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "नवा संसार मांडून राहिले का? मंग सहाचा सेट न्या. दोन वाट्यांत काय होते?"

मी कानापर्यंत लाल. रितिकानं मान वर केली नाही. "आणि एक अठ्ठेचाळीसची द्या," एवढंच म्हणाली.

नाही म्हणाली नाही. हो पण म्हणाली नाही. सोबत दुसरा कोणी असता तरी अशीच गप्प राहिली असती का?

२३ नोव्हेंबर, रविवार

नवीन फोम टाकून खदानीत गेलो. सरळ चढावर गाडी अशी चढली की धम्मानंददादानं शिट्टी मारली. तो क्लब चालवतो, रेल्वेत आहे, कोणालाच वाईट बोलत नाही, म्हणून त्याचा अंदाज येत नाही. पण आडव्या शिळेवर खालच्या बाजूचे दोन्ही टायर दुमडले आणि गाडी लोळली. तीनदा केलं, तीनदा लोळली.

रितिका गुडघ्यावर बसून टायर दाबत होती. "चोवीसशेले इतकं दबायले नाही पाहिजे. माहंच काही चुकून राहिलं." मग माझ्याकडे पाहून, "वजन पक्कं चोवीसशेच ना?"

"हाव. विश्वास नाही का माझ्यावर?"

"तसं नाही गा." वहीत आकडे खोडत बसली. चेहरा असा पडला होता की मला दया आली. पण नंतर वाटलं, एवढा हुशार माणूस एवढा चुकतो कसा? विहंग बाजूलाच होता आणि त्याची गाडी शिळेवरून चाललीच होती.

येताना ती खूप बोलत होती. लोक बाहेरून फोम मागवतात, महिना-महिना वाट पाहतात, आपण इथंच कापू शकतो, बाबा दुकानाच्या मागची खोली द्यायला तयार आहेत. "क्लबच्या ग्रुपवर टाकू का, ज्याले पाहिजे त्यानं यावं म्हणून?" मी म्हटलं टाक. "दोघं मिळून करू ना आपण. तुले टायर समजते, मले फोम." मी म्हटलं पाहू. माझं लक्ष बाइकच्या आरशात होतं. ती मागे फोनवर काहीतरी वाचून हसली होती.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाबांनी एका ट्रकवाल्याला झापलं. वीस टन भरतो सांगून टायर घेऊन गेला होता, भरतो सव्वीस, आणि टायर फुटला म्हणून आज भांडायला आला. "लोड खोटं सांगायचा आणि टायरले शिव्या द्यायच्या!" बाबांचा आवाज चौकापर्यंत गेला. मलाही त्या माणसाची चीड आली. असले लोक असतात.

३० नोव्हेंबर, रविवार

रितिका आली नाही, पेपर जवळ आलेत म्हणे. विहंगच्या टूलबॉक्समध्ये स्क्रूड्रायव्हर घ्यायला हात घातला तर तळाशी पिवळा भुगा. फोमचा. कंपनीचा फोम पांढरा असतो.

चिमूटभर कागदात बांधून आणला. घरी माझ्या फोमशेजारी उन्हात धरून पाहिला. तोच रंग.

३ डिसेंबर, बुधवार

गांधीबागेत रितिकाच्या दुकानासमोर चहाची टपरी आहे, तिथं बसलो. चार वाजता बसलो. पाच अठ्ठावीसला विहंग आला. पाच पन्नासला बाहेर पडला. बावीस मिनिटं. हातात पिशवी. रितिका दारापर्यंत आली होती आणि काहीतरी बोलताना तिनं हातानं गोल करून दाखवला.

सहा चहा प्यायलो. टपरीवाला म्हणाला, "कोणाची वाट पाहून राहिले भाऊ?" मी म्हटलं कोणाची नाही. सहा दहाला उठलो.

आता फक्त पुरावा पाहिजे.

७ डिसेंबर, रविवार

धम्मानंददादाला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो ऐकत ऐकत बॅटरी चार्जरला लावत होता.

"फोमच्या दुकानात माणूस फोम घ्यायलेच जाईन ना बे. बावीस मिनिटं काय, मी तं गेल्या हप्त्यात तासभर बसलो. काकांनी चिवडा दिला."

म्हणजे हा पण जातो.

१० डिसेंबर, बुधवार

विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळं अर्धं शहर फिरून गांधीबागेत पोचलो. तिनं नवीन सेट काढून ठेवला होता, पेपरात गुंडाळून, पुढचे दोन वेगळे, मागचे दोन वेगळे. आतलं कडं एक थर वाढवलंय म्हणाली, पण तिलाच मनातून पटत नाही म्हणे.

"गाडी आण ना एकदा, दुकानच्या काट्यावर ठेवू. सगळ्यांच्याच ठेवल्या मी."

सगळ्यांच्या! माझ्या मनात आलं, माझी का हवी आहे एवढी?

"टायम नाही," म्हटलं.

"दोन मिनिटांचं काम आहे दुर्गेश."

"तुले फोम कापता येत नाही तं तसं सांग ना वं."

तिनं पुडकं माझ्याकडे सरकवलं आणि आत गेली. मी जास्त बोललो. पण तिनं हट्ट का केला?

१४ डिसेंबर, रविवार

घरी येऊन लगेच लिहितो आहे.

खडकात दोन-दोन काठ्या रोवून गेट केले होते, काठीला न लागता मधून जायचं. पहिले दोन गेट मी सगळ्यांपेक्षा भारी काढले. तिसरा गेट आडव्या शिळेवर. खालचे टायर दुमडले, गाडी उलटून चार फूट खाली गेली. बाद.

मग विहंगच्या गाडीकडे गेलो आणि उचलून तिचं चाक खोलायला लागलो. रिमचं कडं बारा स्क्रूंवर असतं. बारा स्क्रू खोलेपर्यंत राग टिकवणं सोपं नसतं. मी टिकवला.

"काय करून राहिला बे? माही पाळी बाकी आहे!" विहंग ओरडला. मी टायर ओढून फोम बाहेर काढला. पिवळा. आत काळं कडं. कडेवर रितिकाच्या अक्षरात मार्करनं लिहिलेलं: विहंग, ३१००.

"पाहा!" मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "याले चांगला फोम दिला आणि मले सडका. जाणून. दोघांची मिलीभगत आहे." आणखीही बोललो. ते लिहीत नाही.

रितिका गोळा झालेल्या लोकांतून पुढं आली. मला वाटलं रडेल. "हाव, मीच कापला," म्हणाली. "ग्रुपवर टाकलं होतं ना, तुलेच विचारून. सात जणांनी नेला. विहंगनं पहिल्याच दिवशी गाडी काट्यावर ठेवली. एकतीसशे भरली, एकतीसशेचा कापला." मग धम्मानंददादाला म्हणाली, "दादा, तुमचा काटा द्या."

स्पर्धेआधी बॅटऱ्या तोलायचा काटा होता. तिनं माझी गाडी उचलली, धुळीसकट, आणि त्यावर ठेवली. काही जण पुढं वाकले. मी वाकलो नाही, मला आकडा माहीत होता.

दोन हजार नऊशे बारा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"पाचशे ग्रॅम," ती म्हणाली. आवाज लहान होता. "तीन हप्ते मी माह्याच हातांत चूक शोधून राहिली होती दुर्गेश. तीनदा विचारलं तुले."

विहंग खाली बसून आपला टायर परत बसवत होता. एकटाच. बारा स्क्रू. त्याची पाळी निघून गेली.

ती धम्मानंददादाच्या कारनं परत गेली.

१५ डिसेंबर

काटा सपाट दगडावर ठेवला होता का? तिरपा असेल तर जास्त दाखवतो.

घरी तोललं. दोन हजार नऊशे बारा.

१८ डिसेंबर, गुरुवार

तीन दिवस फोन केला नाही, तिनंही केला नाही. आज दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तर ही वही पहिल्यापासून वाचली. भांडायला तारखा लागतात म्हणून ठेवली होती. भांडण शोधत वाचलं. तारखा सगळ्या बरोबर आहेत. प्रत्येक तारखेला मीच आहे.

२३ नोव्हेंबरला तिनं मला विचारलं होतं, दोघं मिळून करू का. हे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. त्याच्यापुढं, पाहू. मग आरसा.

आणि २७ नोव्हेंबरचा तो ट्रकवाला. त्याची मला चीड आली होती म्हणे.

२० डिसेंबर, शनिवार

गांधीबागेत गेलो. टपरीवाल्यानं ओळखून हात केला, मी पाहिलं नाही असं केलं. श्रीधरकाका जेवायला गेले होते. रितिका मागच्या खोलीत टेबलावर फोम कापत होती. भिंतीला सात कागद लावलेले, प्रत्येकावर नाव आणि वजन. माझा नव्हता.

"काय पाहिजे?" गिऱ्हाइकाला विचारतात तसं.

"सॉरी म्हणायले आलो."

"म्हण."

"सॉरी."

"झालं?" वाटी फोमवर फिरतच होती. "मले सॉरीचं काय करायचं आहे गा? मले हे सांग, का अजून काय काय खोटं सांगतलं?"

काही नाही, म्हटलं. तिनं वर पाहिलं. मग मी कॉलेजचं सांगितलं. चार विषय, सर, सगळं.

"ते माहीत आहे. यादी भिंतीवर लागली होती, पूर्ण वर्गानं वाचली. बाबांलेही माहीत आहे. अजून?"

मग टपरीचं सांगितलं. ३ डिसेंबर, चार ते सहा दहा.

वाटी थांबली. "दोन तास?"

"दोन तास दहा मिनिटं."

"तू बसून मोजलं."

"लिहून ठेवलं. वही आहे."

"माह्यावर वही ठेवली तू?" पहिल्यांदा तिचा आवाज चढला. खदानीत सगळ्यांसमोर चढला नव्हता. "कोण आला, कधी गेला, हे लिहिलं. आणि गाडीचं वजन? ते काय लिहिलं त्या वहीत?"

"खरं."

"वहीले खरं सांगतलं," ती म्हणाली. "मले नाही."

समोर एक फोमचं कडं पडलं होतं, ते मी उचलून दाबलं, सोडलं. ते माझ्या हातातून काढून घेत ती म्हणाली, "आण ती वही उद्या. वाचते मी. मंग सांगते या खोलीत दुसरी खुर्ची टाकायची का नाही."

मी म्हटलं त्यात तुझ्याबद्दल वाईट लिहिलं आहे.

"मंग वाचलंच पाहिजे."

२१ डिसेंबर, रविवार

रितिका,

आज खदानीत गेलो नाही. विहंगकडे गेलो होतो. त्याचं चाक मी खोललं, त्याची पाळी माझ्यामुळं गेली, हे तोंडानं म्हटलं. तो म्हणाला, "अबे स्क्रू तरी नीट ठेवायचे होते, दोन हरवले." मी दोन नेऊन दिले. तुझ्याबद्दल त्याला काही विचारलं नाही. विचारावंसं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

तू वाचशील म्हणून आधीच सांगतो, आत सगळं लिहिलंय तसंच आहे. दुरुस्त केलं नाही. सकाळपासून दोनदा हात गेला फाडायला, एकदा संशयाच्या पानावर आणि एकदा जिथं तू हसल्याचं लिहिलंय त्या पानावर. दुसऱ्याची जास्त लाज वाटते.

मी वहीतली लिहिलेली पानं मोजली आहेत. हे धरून चौतीस. आकडा तुला आत्ताच मेसेजवर पाठवला आहे, बघ. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही पाठवला. सक्करदऱ्याहून गांधीबागेत यायला मला अर्धा तास लागतो आणि रस्त्यात माझं मन फिरू शकतं. हातात पोचल्यावर आधी मोजून घे. तेहतीस भरली तर मला खोलीत येऊ देऊ नको.